शिवेवर ओरडलेलं पत्रक

माझं मराठी फार चांगलं आहे, असा एके काळी माझा ठाम समज होता. बाभूळखेड्याच्या झुंबरबाईनं तो पंचेचाळीस सालच्या वैशाखात, ज्वारी पाखडता पाखडता, एका वाक्यात काढून टाकला.

मी तेव्हा नगरला लोकल बोर्डाच्या आरोग्य खात्यात कारकून होतो. प्रवरेच्या काठच्या गावांत पटकी सुरू झाली, तशी साहेबांनी मला एक नर्स, लाल औषधाचे चार डबे आणि छापील पत्रकांचा गठ्ठा देऊन राहुरीकडे पाठवलं. पत्रक मीच लिहिलेलं होतं. त्याचं पहिलं वाक्य असं होतं : ‘सर्व ग्रामस्थांस विदित करण्यात येते की, विषूचिका रोगाच्या प्रतिबंधार्थ पेयजल उत्कलित करूनच प्राशन करावे.’ हे वाक्य जमवायला मला दोन दुपारी लागल्या होत्या, आणि ते जमल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन घरी लवकर गेलो होतो.

बाभूळखेड्यात मरीआईच्या देवळापुढच्या कडुनिंबाखाली मी ते खणखणीत आवाजात वाचलं. लोक अगदी शांत होते. मला वाटलं, परिणाम होतोय. वाचून झाल्यावर देवळाची पुजारीण झुंबरबाई, सत्तरीची, हातातलं सूप थांबवून म्हणाली, “ते समदं बेस हाय सायेब. पर आमी करायचं काय?”

माझ्याबरोबरची नर्स दया शमुवेल पुढं झाली. “पाणी उकळून प्यायचं, आजी.”

“मंग तसं म्हना की,” म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. मला फार राग आला. आजही आठवलं की थोडा येतो.

दया भिंगारची. वय सव्वीस, मिशनच्या दवाखान्यात शिकलेली. बोलणं कमी आणि हात सतत कामात. राग आला की ती काही बोलायची नाही, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. तिनं दोन दिवसांत बाभूळखेड्याची शाळा रिकामी करून घेतली, चौदा खाटा टाकल्या, आणि गावातल्या बायकांना ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज मीठ घालून रोग्याला घोट घोट कशी पाजायची ते शिकवलं. घरोघरचं सरपण शाळेत येऊ लागलं. पाळी लावून बायका पेज रांधू लागल्या. मी विहिरींत लाल औषध टाकत हिंडत होतो आणि पत्रकं भिंतींना चिकटवत होतो. माणसं बरी होत होती ती माझ्या पत्रकांमुळे नव्हे, हे मला कळत होतं, पण मान्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. दोन म्हातारे आम्ही यायच्या आधीपासूनच शेवटाला लागले होते. ते नेमके गावविहिरीत औषध पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. झालं! नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या करंजवाडीत बातमी पोचली ती अशी, की बोर्डाचा माणूस विहिरीत लाल विष टाकतो. सकाळी बघतो तर करंजवाडीच्या शिवेवर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आणि काठ्या घेऊन वीस-पंचवीस गडी उभे.

मी कोट चढवला, टोपी घातली, पत्रक काखोटीला मारलं आणि समजूत घालायला गेलो. “मी बोर्डाचा—” इतकं म्हणेपर्यंत एक ढेकूळ आलं आणि टोपी घेऊन गेलं. मी नाक मुठीत धरून परत आलो. तालुक्याला चिठ्ठी धाडली, तर शिपाई दुसऱ्या गावांत गुंतलेले, आठ दिवस कुणी मोकळं होणार नव्हतं.

“आठ दिवस थांबू,” मी दयाला म्हटलं. “एवढं काय त्यात?”

ती भांडं घासत होती. ते आधीच लखलखत होतं. “करंजवाडीच्या पलीकडं निंबखेडं आहे,” ती म्हणाली. “तिथं माझी धाकटी बहीण असते, कृपा. मिशन शाळेच्या यशया मास्तरांची बायको. तिला आठवा महिना आहे.”

आता तिनं मान वर केली. “आपल्या या गावाची सगळी घाण नदीत जाते, साहेब. धार बारीक आहे, पण धार आहे. निंबखेड्याच्या गावकुसाबाहेरची वस्ती नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी भरते. आठ दिवस मी कशी थांबू?”

वळसा घालून जावं म्हटलं, तर खालच्या सगळ्याच गावांनी शिवा बंद केलेल्या. मी तिला काय सांगणार? पत्रकात यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्याच दुपारी झुंबरबाई शाळेत आली आणि म्हणाली, मंगळवारी गाडा निघणार.

हा मरीआईचा गाडा म्हणजे कमरेइतका उंच लाकडी गाडा. गावात पटकी आली की त्यात देवी बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं वाहायची आणि ओढत नेऊन शिवेवर उभा करायचा. मग पुजारणीनं पलीकडच्या गावाला ओरडून सांगायचं, आई काय काय मागते ते. नारळ, कोंबडा, चोळी, जे असेल ते. पलीकडच्यांनी ते पुरवायचं, गाडा आपल्या गावातून ओढत पुढच्या शिवेवर न्यायचा आणि तेच मागणं पुढच्या गावाला ओरडून सांगायचं. रोग असा हाताहाती गावाबाहेर जातो, अशी समजूत.

मी उसळलो. एक तर गर्दी, वर अंधश्रद्धा! “पत्रकाचं गर्दीबंदीचं चौथं कलम वाचलंत का?” मी विचारलं.

“गाडा अडवीत न्हाईत नर्सबाई,” झुंबरबाई माझ्याकडं लक्ष न देता दयाला म्हणाली. “मानसाला अडवत्याल, ढेकळं मारत्याल. आईच्या गाड्याला हात लावायची कुनाची छाती न्हाई. आनि आईनं मागितलेलं दिल्याबिगर गाडा म्होरं सरकत न्हाई.”

दयाच्या हातातलं भांडं थांबलं. ती माझ्याकडं बघायला लागली, आणि मला एकदम कळलं की या दोघींच्या डोक्यात काय आहे.

“छे छे,” मी म्हणालो. “बोर्डाचं औषध देवीच्या गाड्यातून? उद्या वर कळलं तर?”

दयालाही ते जड जात होतं. “आजी, देवी असं म्हणाली, असं खोटं मला नाही सांगता येणार,” ती म्हणाली.

“खोटं कसं?” म्हातारी म्हणाली. “आई म्हनती, लेकरं वाचवा. कसं वाचवायचं ते या सायबाच्या कागदात हाय. फकस्त त्यो कागद मानसांच्या बोलीत पायजे.”

मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. पत्रकाची सोळा कलमं होती. ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर ओरडून सांगता येईल आणि पलीकडचे एका दमात परत म्हणतील, एवढं कलम पाहिजे, ही झुंबरबाईची अट. मी वाचायचं, तिनं मान हलवायची, दयानं सोपं करायचं. ‘विसर्जनादी विधी जलाशयापासून सुरक्षित अंतरावर’ याचं ‘नदीकाठी बसू नका’ झालं तेव्हा मला आतडं कापल्यासारखं झालं. पण संध्याकाळपर्यंत सोळाची सहा झाली, आणि खरं सांगतो, त्या सहांतून काही सुटलं नव्हतं. झुंबरबाईनं प्रत्येक कलमाला ‘नऊ दिस’ जोडलं. आईचं मागणं नवाचंच असतं म्हणे.

लाल औषधाच्या आम्ही पिवळ्या फडक्यात पुड्या बांधल्या, विहिरीगणिक एक. कुणी अंगारा म्हणून जिभेवर ठेवील, ही दयाची भीती. म्हणून ‘विहिरीला द्या, तोंडात घालू नका’ हे अगदी पहिलं ठेवलं.

शेवटची पुडी बांधताना दया म्हणाली, “सातवं कलम घाला.”

“कोणतं?”

“विहिरीचं पाणी सगळ्यांना द्यावं. गावकुसाबाहेरच्यांनासुद्धा.”

बाभूळखेड्यात हा प्रश्न आला नव्हता. शाळेच्या आवारात बोर्डाची विहीर होती, तिथं सगळे पाणी भरत. निंबखेड्यात तसली विहीर नव्हती. तरी मी म्हणालो, “दयाबाई, हा रोगाचा विषय आहे. विहीर कुणाची, हा विषय वेगळा. एका ओळीपायी त्यांनी गाडाच परत लोटला तर? मग निंबखेड्याला एक पुडीही पोचायची नाही.”

“तुमच्या सहा ओळींनी निंबखेडं वाचेल, साहेब,” ती म्हणाली. “माझी बहीण निंबखेड्यात राहत नाही. निंबखेड्याच्या बाहेर राहते.”

झुंबरबाईचं खोपटंही बाभूळखेड्याच्या गावकुसाबाहेरच होतं. ती पुड्या टोपलीत भरत होती. “म्या म्हनलं तर म्हनत्याल, म्हातारी आपल्या लोकांसाठी मागती,” ती टोपलीशी बोलल्यासारखं म्हणाली. “नर्सबाई म्हनल्या तरी त्येच.” यातलं काहीही न ऐकल्यासारखं करून मी बाहेर गेलो. भित्रा माणूस असाच बाहेर जातो.

मंगळवारी सकाळी हलगी वाजत गाडा निघाला. गर्दी नको म्हणून मी दहाच माणसांना परवानगी दिली. झुंबरबाईनं ती मुकाट्यानं पाळली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. शिवेवरचा ओढा कोरडा ठणठणीत होता. त्याच्या मधोमध गाडा उभा करून आम्ही मागं सरलो. पलीकडं बाभळीच्या कुंपणाआड अख्खी करंजवाडी उभी. काठ्या होत्या, पण खाली टेकवलेल्या. गाड्याकडं बघून काहींनी हात जोडले.

झुंबरबाईनं पदर खोचला आणि आवाज लावला. एवढ्याशा देहात एवढा आवाज कुठं मावत होता कोण जाणे.

“आई म्हनती, पिवळी पुडी हिरीला द्या, तोंडात घालू नका! नऊ दिस!”

पलीकडून सगळ्यांनी एका सुरात ते परत म्हटलं. ही तिथली रीत. परत म्हटलं म्हणजे कबूल केलं.

“पानी उकळून प्या! नऊ दिस!” “शिळं, उघडं खाऊ नका! नऊ दिस!” “नदीकाठी बसू नका! नऊ दिस!” “आजाऱ्याला पेज पाजा, मीठ घालून, घोट घोट! नऊ दिस!” “लगीन न्हाई, बाजार न्हाई, जत्रा न्हाई! नऊ दिस!”

प्रत्येक ओळ पलीकडच्या काठावरून परत येत होती. माझं पत्रक दीडशे माणसं मोठ्यानं म्हणत होती. बोर्डाच्या कारकुनाच्या आयुष्यात असा दिवस येत नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी बेहद्द खूश झालो.

मग पलीकडून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “आनि काय मागती?” तेही रीतीचंच. तीनदा विचारायचं, आणि पुजारणीनं शेवटी ‘बास’ म्हटलं की मागणं संपलं.

पहिल्यांदा विचारलं. झुंबरबाई गप्प. “आनि काय मागती?” दुसऱ्यांदा. ती गप्पच. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दयानंही नाही. दया खाली मान घालून, दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळत उभी होती. तिनं मला पुन्हा विचारलं असतं तर मी पुन्हा नाही म्हटलं असतं. ती विचारत नव्हती, हेच मला सहन होईना.

“आनि काय मागती?”

“विहिरीचं पानी समद्यांला द्या!” कुणीतरी ओरडलं. तो मी होतो. “गावातल्यांला द्या, गावकुसाभायेरच्यांला द्या! एक घर सुटलं तर आई माघारी फिरंल!”

‘पेयजल’ लिहिणारा मी, ‘पानी’ म्हणालो. ते माझ्या तोंडून आलं कसं, मला आजही सांगता येत नाही.

हलगी थांबली. पलीकडं कुणी हलेना. वाटलं, संपलं सगळं, आता येतात ढेकळं, आणि या वेळी टोपीवर भागायचं नाही.

“कोन बोलतंय त्ये?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“आई बोलती!” झुंबरबाई कडाडली. “तिला ज्याचं तोंड घ्यावं वाटलं त्याचं घेती! बामनाचं घेतलं आज! तुला काय पुसून घ्यायचं व्हतं व्हय?”

मग कुंपणाआडून एका बाईनं एकटीनंच माझी ओळ परत म्हटली. तिच्यामागं दुसरीनं. मग बायकांनी, आणि शेवटी, नाइलाज झाल्यासारखं, गड्यांनी. झुंबरबाईनं ‘बास’ म्हटलं. चार जण खाली उतरले, कुंपणातल्या दोन फांद्या बाजूला झाल्या आणि पुड्यांच्या टोपलीसकट गाडा गेला.

शाळेत परत आल्यावर दयानं मला चहा करून दिला. साखरेची तेव्हा मारामार होती, पण त्या चहात दोन चमचे तरी होती.

पुढचे नऊ दिवस आम्ही काही न कळता काढले. करंजवाडी गाडा पुढं नेईल का, निंबखेडं तो घेईल का, आणि घेतला तरी माझी ओळ पुढच्या शिवेवर कुणी ओरडेल का? बाभूळखेड्यातले रोगी एक एक करून घरी गेले. खाटा मोकळ्या झाल्या. दया मोकळ्या खाटा धूत होती, पुन्हा धूत होती. मी पेजेची चूल फुंकायला शिकलो.

दहाव्या दिवशी सकाळी करंजवाडीनं स्वतःहून कुंपण काढलं. दया आणि मी लगेच निघालो. करंजवाडीत एका बाईनं मला निरखून बघितलं आणि विचारलं, “आईनं तोंड घेतलं त्ये तुमीच का?” मी हो म्हटलं, तशी तिनं मला ताक दिलं. निंबखेड्याच्या वाटेवर बघतो तर एक शेतकरी म्हशीपुढं उकळून गार केलेलं पाणी ठेवतोय. शिवा ओलांडता ओलांडता मागणं थोडं वाढलं होतं. निंबखेड्यात ते पोचलं तेव्हा त्यात गुरंही आली होती. वाढलं होतं, म्हणजे एखादं गळलंही असेल, असं माझ्या मनात आलं. दयाच्याही आलं असावं. ती जवळजवळ पळत होती.

गावाच्या तोंडाशीच विहीर होती आणि विहिरीवर कडाक्याचं भांडण चाललं होतं. काठावर गावातली एक बाई पोहरा घेऊन उभी, मालनबाई तिचं नाव. खाली, दोन हात अंतरावर, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांची रांग. रांगेत सगळ्यात पुढं भलं मोठं पोट घेऊन एक तरुण पोर उभी होती.

“घागर अर्धीच भरली,” ती पोर म्हणत होती.

“अर्धी कुठं? गळ्याला आलीया की!”

“काठोकाठ भरा. आईनं अर्धी सांगितली नव्हती.”

“कृपा!” दयानं हाक मारली आणि रस्त्यातच खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काही न करता बसलेली बघितलं. कृपा घागर टाकून आली, तीही बसली, आणि दोघी बहिणी धुळीत बसून हसत-रडत राहिल्या. मालनबाईनं पोहरा खाली ठेवून डोळ्याला पदर लावला. मीही लावला असता, पण मला पदर नव्हता.

निंबखेड्यात दोन माणसं गेली होती. बाहेरच्या वस्तीत एकही नाही. झिरा तर त्यांनी गाडा आला त्या दिवशीच बुजवून टाकला होता.

“ओततात,” दया नंतर मला म्हणाली. “काढू देत नाहीत. लांबूनच ओततात.” ते खरं होतं. ते मलाही दिसत होतं, आणि फार मोठं काही घडलंय, असा आव मी आणणार नाही.

आम्ही निघायच्या वेळी गावचे पाटील, काकासाहेब, मला बाजूला घेऊन गेले. मिशीला पीळ देत, आवाज उतरवून म्हणाले, “सायेब, आईनं समद्याला नऊ दिस सांगितलं हुतं. आज नऊ दिस भरलं, आता उकळनं थांबवू. बाजार भरवू. पर त्ये पान्याचं... त्ये किती दिस?”

मी आठवून बघितलं. सहाही ओळींना नऊ दिवसांची मुदत होती. सातवी माझी होती, घाबरत ओरडलेली, आणि तिला मुदत घालायची मी विसरलो होतो. इतक्या वर्षांच्या कारकुनीत मुदतीशिवायचा असा एकही हुकूम माझ्या हातून गेला नव्हता.

पाटील वाट बघत होते. विहिरीवर मालनबाईही पोहरा हातात धरून वाट बघत होती, आणि तिच्यापुढं रांगेतल्या बायका. दया माझ्याकडं बघत होती.

“मुदत सांगितलेली नाही,” मी म्हणालो.

“न्हाई, पर मंग...”

“मग आई थांबा म्हणेपर्यंत.”

“आनि ती म्हननार कवा?”

“ते मला कसं ठाऊक असणार, पाटील? मी बोर्डाचा माणूस.”

काकासाहेबांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं. मग त्यांनी एक उसासा सोडला आणि विहिरीकडं वळून ओरडले, “वत गं मालन! काठोकाठ वत!”